सगळ्या प्रश्नांना नाही

"तुमच्या नणंदबाई दाता होऊ शकत नाहीत. वैद्यकीय कारण आहे. यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही."

नांदेडच्या किडनीच्या डॉक्टरांनी एवढं सांगितलं आणि पुढच्या पेशंटची फाईल ओढली. सिंधु उठली नाही. पदराचं टोक दातात धरून, मान किंचित तिरकी करून ती त्यांच्याकडे पाहत राहिली. तिचा हा चेहरा लातूरच्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचा होता. भाजीवाला हा चेहरा दिसला की आपणहून काटा पुन्हा धरायचा.

तिचा नवरा विरूपाक्ष क्लासेसमध्ये फिजिक्स शिकवायचा. पोरांच्या सराव परीक्षांचे पेपर सिंधु घरी बसून टाइप करायची. प्रश्न त्याचा, बरोबर उत्तर त्याचं. चुकीचे पर्याय मात्र पुष्कळदा सिंधुचे. त्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. चुकीचा पर्याय खऱ्याच्या सख्ख्या भावासारखा दिसला पाहिजे, नाहीतर पोरं फसत नाहीत. म्हणून 'वैद्यकीय कारण' हे दोन शब्द कानावर पडताच तिला वाटलं, हे कुणीतरी बसून तयार केलेलं आहे.

बाहेर आली तर बाक रिकामा. नणंदेची, शिवगंगाअक्काची, पिशवी नाही, चपला नाहीत. चहावाला म्हणाला, त्या बाई मघाशीच स्टँडकडं गेल्या.

प्रश्न : शिवगंगाअक्का एक शब्द न बोलता उदगीरला का निघून गेली?
(अ) मुखेडमार्गे जाणारी बस चुकली असती.
(ब) घरून दाजींचा फोन आला.
(क) रक्त काढल्यामुळे चक्कर येत होती.
(ड) भावजयीच्या डोळ्याला डोळा देता आला नसता.

सिंधुने मनातल्या मनात 'ड'वर खूण केली.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. विरूपाक्षच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मधल्या दिवसांत तो खुर्चीवर बसून शिकवायचा, आणि फळ्यावर लिहायला उठताना खुर्ची धरावी लागली की पोरं वहीत बघायची. सिंधुचा रक्तगट जुळत नव्हता. आई-वडील राहिले नव्हते. उरली होती थोरली बहीण, उदगीरला दिलेली. तिचा गट जुळत होता. नांदेडला तपासण्या आणि मुलाखत पार पडली की हैदराबादला ऑपरेशन, असं ठरलं होतं. अक्का विचारायच्या आधीच हो म्हणाली होती. सिंधुला आता तेच खटकायला लागलं. इतक्या पटकन कोण हो म्हणतं?

डायलिसिसच्या खोलीत शेजारच्या खाटेवर मुखेडचे किशनराव असायचे. एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. लातूरला लेकीकडे राहून उपचार घेत होते. नळ्या लावलेल्या असल्या तरी तोंड मोकळं. सिंधुने नांदेडची हकीकत सांगितली तसे ते हसले.

"वैनी, हे तिकीट मलाबी फाडून दिलेलं हाय," ते म्हणाले. "द्यायचं नसलं की एकांतात डाक्टरला सांगायचं. डाक्टर भाईर येऊन म्हणतो, वैद्यकीय कारण. घरात भांडण नको म्हणून त्यांचा नियमच हाय तसा."

हे त्यांना त्यांच्या भावानंच सांगितलं होतं, दोन घोट पोटात गेल्यावर. वर म्हणाला होता, दादा, माझी लेकरं लहान हायत. "म्हणलं, मग माझी काय पेन्शनीत निघालीत?" किशनराव म्हणाले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला.

सिंधुला हसू आलं नाही. तिच्या डोक्यात सगळं जुळत होतं.

कारण ती मुलाखत अशीतशी नव्हती. तिची तयारी सिंधुने स्वतः करून घेतली होती. दात्याला काय काय विचारतात, हे किशनरावांकडूनच कळलं होतं. लातूरमध्ये पाचवीतलं पोरसुद्धा सरावाशिवाय परीक्षेला बसत नाही, मग अक्काला कसं बसवायचं? सिंधुने तिला दोन दिवस आधी बोलावून घेतलं आणि स्वयंपाकघरात पाटावर बसवून घोकून घेतलं. पोळ्या लाटता लाटता ती विचारायची.

कावीळ झाली होती? नाही. क्षय? नाही. कुत्रं चावलंय? नाही. घरातल्या माणसाशिवाय कुणाशी संबंध? इथं अक्काने तोंडाला पदर लावला, मग म्हणाली, नाही. कधी रक्त चढवलंय?

इथं अक्का थांबली.

सिंधुने लाटणं पोळपाटावर आपटलं. अडखळायचं नाही, ती म्हणाली. अडखळलं की डॉक्टरला शंका. एक 'हो' निघालं की मागे दहा तपासण्या लागतात, आणि त्यात ह्यांचे महिने जातात. सगळ्या प्रश्नांना नाही. गोंदलंय का? "नाही," अक्का म्हणाली, आणि मनगटावरची हिरवी वेल दोघींना एकदमच दिसली. खूप हसल्या होत्या त्या दिवशी.

आता तेच हसू सिंधुला वेगळं आठवत होतं. आणि ते थांबणं. एवढ्या साध्या प्रश्नाला का थांबली होती ती? मनात नव्हतं म्हणून. दुसरं काय.

अक्का फोन उचलत नव्हती. उचलला तर, बरी हाय, विरू कसा हाय, आणि गाडी कुकरच्या शिट्टीवर जायची. राखीला ती दरवर्षी येते. यंदा पाकीट आलं. सिंधुने फोन लावला आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू येत असताना सांगितलं की राखी टपालानं चालते, अक्का. किडनी चालत नाही.

विरूपाक्षने ते ऐकलं. बराच वेळ तो पाकिटावरचं अक्षर बघत बसला.

"तिला द्यायची नसंल तर न देऊ दे," तो म्हणाला. "पण ती तोंडावर सांगेल. अक्का खोटं बोलत न्हाई."

"माणूस कधी ना कधी बोलतंच की."

"तू तिला शिकवलंस तेवढंच."

तो सहज बोलला. सिंधुच्या मात्र ते मनात टोचत राहिलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दाजी आले. गुंडप्पा, अक्काचा नवरा. उदगीरच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, त्यांची आडत. एकटेच आले. विरूपाक्ष डायलिसिसहून येऊन झोपला होता. "शरणार्थ, वैनी," म्हणून खुर्चीच्या कडेला टेकले. चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला. सिंधुने पदराचं टोक दातात धरलं. आता हे सांगणार, हिची तब्येत, तुरीचा भाव, घरची अडचण. ती ऐकायला तयार होऊन बसली.

"नांदेडच्या डाक्टरनं तिला काय सांगितलं?" दाजींनी विचारलं.

"ते तुम्हीच सांगा."

"मला ठाव असतं तर इथवर कामून आलो असतो?"

मग ते हळू आवाजात बोलायला लागले. बायको नखं कापायचं कटर उशाखाली ठेवते. कुणाला वापरू देत नाही. त्यांनी एकदा घेतलं तर हातातून हिसकावून घेतलं, उभ्या संसारात पहिल्यांदा. मागच्या आठवड्यात विळीवर बोट कापलं, तर पोरगी धावली तिला दारातच थांबवलं. स्वतः फरशी धुतली, फडकं जाळलं. रात्री उठून बसते. विचारलं तर काही नाही. लग्नात आंधळ्या विश्वासानं पोरगी केली होती, ते म्हणाले, आणि आता डोळे उघडे ठेवून झोपायची पाळी आली.

"तसला रोग असंल का ओ?" त्यांनी विचारलं. सदऱ्याआड गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं, त्यावर त्यांचा हात गेला. "माझ्याकडून काय न्हाई. ही लिंगाची आण. मग तिला कुठून? तुमी दोघी तवा दोन दिस इथं काय कुजबुजून राहिल्या व्हता?"

सिंधुला वाटलं, कुणीतरी तिच्याच चेहऱ्याने तिच्याकडे बघतं आहे. मान तिरकी, डोळे बारीक.

प्रश्न : जिला किडनी द्यायची नाही, ती बाई स्वतःचं सांडलेलं रक्त जाळेल कशाला?
(अ)
(ब)

तिला एकही पर्याय सुचेना.

दुसऱ्या दिवशी ती उदगीरला गेली. मोंढ्यामागच्या घरात अक्का सुपात डाळ पाखडत होती. सिंधुला बघून तिने सूप खाली ठेवलं नाही. ये म्हणाली नाही. सिंधु चपला काढून समोर बसली आणि दाजी काल येऊन गेले म्हणाली. सूप थांबलं.

मग अक्काने सांगितलं. काविळीचा विषाणू निघाला रक्तात, सी म्हणतात तो. अंगात असून वर्षानुवर्षं कळत नाही, आतून लिव्हर खातो. किडनी दिली तर तो विरूच्या अंगात जाणार. डॉक्टरांनी एकटीला बसवून सांगितलं; घरच्यांना आम्ही सांगणार नाही, तुम्ही सांगा म्हणाले. ब्लेड, कटर, ब्रश वेगळा ठेवा. आणि आठवून बघा म्हणाले, कधी रक्त चढवलं होतं का?

"मग?"

"म्हणलं, नाही."

"चढवलं होतं?"

अक्काने सुपातला एक खडा उचलून दाराबाहेर टाकला.

"भूकंपात," ती म्हणाली.

विरू तेव्हा औशाला मामाकडे होता, म्हणून वाचला. अक्का भिंतीखाली सापडली. मांडी फुटली होती. तंबूतल्या दवाखान्यात तिला लाल बाटली लावली, मग दुसरी. बाहेर रक्त द्यायला लोकांच्या रांगा लागलेल्या, कुठकुठून टेंपो भरून आलेली माणसं. तेव्हा रक्तात हा विषाणू शोधायची सोयच नव्हती. कुणाची चूक म्हणायची? पण आईला धसका बसला तो वेगळाच. कुणाचं रक्त असंल, कुण्या जातीचं, खाणाऱ्याचं का न खाणाऱ्याचं? लग्नाच्या पोरीच्या अंगात ते गेलं म्हटल्यावर कोण पदरात घेईल? तिने सगळ्यांना सांगितलं, नुसतं सलाईन लावलं. ढिगाऱ्यात अक्काच्या गळ्यातलं लिंग हरवलं होतं. जंगमांनी येऊन नवीन दिलं, पुन्हा दीक्षा दिली. आईने त्यांना आडून आडून विचारलं तर ते म्हणाले, लिंग रक्त विचारत नाही. तरी आईचं समाधान झालं नाही. लग्नाआधी तिने पोरीला समोर बसवून शिकवलं, कुणी विचारलं तर नाही म्हणायचं.

"आन् मग तू," अक्का म्हणाली. "पाटावर बसवून. मी थांबले होते, सिंधु. तुला सांगावं म्हणून थांबले होते. तू लाटणं आपटलंस."

सिंधुने सुपाबाहेर सांडलेली डाळ वेचायला घेतली.

"रक्त चढवलं न्हाई म्हणल्यावर डाक्टर म्हणले, मग नवऱ्याला तपासायला घेऊन या. ह्यांना काय म्हणून नेऊ? गोळ्या हायत म्हणे त्याला, बरं होतं. त्या बी घेतल्या न्हाईत. घरात काय म्हणून घेऊ?" तिने सूप बाजूला ठेवलं. "मी द्यायला निघाले होते. तुला खरं वाटलं न्हाई. राखीचं लई लागलं मला."

ओसरीवर कुणीतरी खाकरलं. दाजी जेवायला आले होते आणि कधीपासून उभे होते देव जाणे. आत येऊन खांबाला टेकून खाली बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"रक्तच व्हय," ते म्हणाले. "मी काय काय मनात आणून बसलो." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कोण व्हता तो, रक्त देणारा?"

"ठाव न्हाई. रांगा होत्या."

"त्याला तरी ठाव असंल का, आपल्या अंगात काय हाय ते," दाजी म्हणाले. मग ताट वाढायला सांगितलं, आणि जेवून उठल्यावर नांदेडच्या बसची चौकशी करायला गेले.

नांदेडला दात्यांच्या मुलाखती घेणारी मुग्धा नावाची मुलगी होती, चष्मेवाली, मोजकं बोलणारी. अक्काने सगळं सांगितल्यावर तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. मनगटावर गोंदण दिसत असताना तुम्ही नाही म्हणालात, ती म्हणाली, तेव्हाच तुमच्या बाकीच्या उत्तरांवरचा माझा विश्वास उडाला. 'हो' म्हटलं म्हणून कुणी बाद होत नाही, काय शोधायचं ते आम्हाला कळतं. आधी कळलं असतं तर उपचार केव्हाच सुरू झाले असते.

"कुणी शिकवलं होतं?" तिने सिंधुकडे न बघता विचारलं.

अक्का म्हणाली, कुणी नाही. हे 'नाही' मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दाजींचं रक्त स्वच्छ निघालं. अक्काच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिने गोळ्या, त्यानंतर तीन महिने थांबून पुन्हा तपासणी. विषाणू गेला, आणि लिव्हरवर व्रण नसतील, तर पुन्हा विचार करू, असं डॉक्टर म्हणाले. तोवर विरूपाक्षने खुर्चीवरून शिकवत राहायचं. दिवाळीनंतर किशनरावांची खाट रिकामी झाली. शेवटच्या वेळी त्यांनी सिंधुला विचारलं होतं, नणंदेचं तिकीट खरं निघालं म्हणे? मग आमच्या भावाचंबी खरंच असंल का? दारूत माणूस काय बी बोलतं. ती म्हणाली होती, असू शकतं. ते डोळे मिटून पडून राहिले होते.

उन्हाळ्यात विषाणू गेल्याचा रिपोर्ट आला. पुन्हा नांदेड, पुन्हा मुलाखत, लिव्हरची तपासणी. अक्का आदल्या दिवशीच लातूरला आली होती. ह्या वेळी विरूपाक्षही बरोबर होता. अहमदपूरला बस थांबली तेव्हा अक्काने विचारलं, "ह्या वेळी काय म्हणू?"

"तुम्हाला वाटेल ते," सिंधु म्हणाली. आणि म्हटल्याबरोबर ते शब्द परत घ्यावेत असं तिला वाटलं.

दात्याला एकटंच आत बोलावतात. नवरा नाही, भाऊ नाही, भावजय नाही. दार बंद झालं. त्या दाराआड तेच सगळे प्रश्न असणार, आणि शेवटी तो एक: हे तुम्ही स्वतःच्या इच्छेने देताय का? विरूपाक्ष भिंतीला डोकं टेकून बसला. सिंधु दाराकडे बघत राहिली. आत हसल्याचा आवाज आला की रडल्याचा, तिला नक्की कळलं नाही.

दार उघडलं. मुग्धा बाहेर आली.

"शिवगंगाबाई दाता होऊ शकत नाहीत," ती म्हणाली. "वैद्यकीय कारण आहे. यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही."

(अ) लिव्हरवर व्रण निघाले.
(ब) त्या राखीचं मनातून गेलंच नाही.
(क) दाजींनी घातलेली शपथ.
(ड)

पर्याय आपोआप येत होते, ओळीने. तिने थांबवायचा प्रयत्न केला तरी येत होते.

अक्का बाहेर आली. डोळे कोरडे. भावाजवळ गेली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तो तिच्या हाताला गाल लावून बसला. मग तिने सिंधुकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आपण विचारायची ती वाट बघते आहे, हे सिंधुला कळलं. आणि विचारलं तर दोघींमधलं काय जाईल, हेही.

"अक्का," ती म्हणाली, "भूक लागली असंल."

"लागली की," अक्का म्हणाली.

विरूपाक्षचं नाव हैदराबादच्या प्रतीक्षायादीत गेलं. मेंदू मृत झालेल्या कुणाची तरी किडनी, तीही तपासून, त्याच्या घरच्यांना हेच सगळं विचारून. कधी, ते सांगता येत नाही. अक्का यंदा राखीला आली. तिच्या बोलण्यात काही फरक आहे का, हे सिंधु बघत होती. स्वतःला बजावूनही बघत होती. काही सापडलं नाही.

किशनरावांच्या खाटेवर आता देवणीचा एक तरुण शिक्षक येतो. त्याचा भाऊ किडनी देणार आहे. शिक्षकाची बायको वैष्णवी सिंधुच्या शेजारी सरकून बसली आणि हळूच म्हणाली, तुम्ही नांदेडला जाऊन आलाय ना, तिथं दात्याला काय काय विचारतात ते सांगा की, दिराची तयारी करून घेते.

"तयारी नका करून घेऊ," सिंधु म्हणाली. "जे असेल ते सांगू द्या त्यांना."

वैष्णवीला ते पटलेलं दिसलं नाही. तिने विचारलं, "तुमच्या नणंदेचं मग काय झालं?"

"वैद्यकीय कारण होतं."

"काय होतं म्हणजे?"

"वैद्यकीय कारण," सिंधु पुन्हा म्हणाली.

वैष्णवीने पदराचं टोक दातात धरलं, आणि मान किंचित तिरकी करून ती सिंधुच्या तोंडाकडे बघत राहिली.